दीड, अडीच, साडेतीन

मराठी घरात तान्ह्या बाळाची टाळू भरण्याची रीत अजून टिकून आहे. आंघोळीआधी आजी किंवा मालीश करणारी बाई तेलात बोटे बुडवते आणि डोक्याच्या मध्यावरच्या मऊ जागेवर हलकेच टेकवते. कवटीची हाडे तिथे अजून सांधलेली नसतात. साधारण दीड वर्षाचे होईपर्यंत ती जागा भरून येते, तोवर बोटाखाली नाडीसारखी धडधड लागते. त्या बोटाच्या आणि बाळाच्या मेंदूच्या मध्ये कातडी, एक चिवट पडदा आणि मेंदूभोवतीचे तीन पदरी आवरण एवढेच असते. या आवरणाला जंतूंमुळे सूज आली की त्या आजाराला मेनिंजायटिस म्हणतात. ही पुस्तिका त्या आवरणाच्या रक्षणाविषयी आहे. ती इंदूरच्या सुदामा नगरातल्या, अन्नपूर्णा रोडपासून फूटी कोठीपर्यंत पसरलेल्या मराठी घरांसाठी लिहिली आहे. या घरांत बाळाचे लाड मराठीत होतात आणि दवाखान्यातले बोलणे हिंदीत होते. तिथे हा आजार ‘दिमागी बुखार’ होतो, घरी परतल्यावर ‘मेंदूज्वर’ होतो, आणि दोन्ही शब्दांत मेंदूचा दाह, आवरणाचा दाह, कधीकधी तर तापात आलेले साधे झटकेसुद्धा एकत्र कालवली जातात. शब्दाच्या या गोंधळातून लसीविषयीचा गोंधळ जन्मतो, म्हणून सुरुवात शब्दापासून करावी लागते.

मेनिंजायटिस हे सुजेचे नाव आहे. ती सूज कोणी आणली हे त्या नावातून कळत नाही. क्षयाचा जंतू ती आणू शकतो. हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी, म्हणजे ‘हिब’, आणू शकतो. नावात इन्फ्लुएंझा असला तरी फ्लूशी त्याचा संबंध नाही. न्यूमोनियाला कारण होणारा न्यूमोकोकस आणू शकतो. मेनिंगोकोकस आणू शकतो, आणि त्याचे पुन्हा ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय असे गट आहेत. गालगुंडाचा विषाणूही आणतो, मात्र ती सूज बहुतेक वेळा सौम्य असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आणखी निराळे जंतू हे काम करतात. त्यांच्यावर आपल्या कार्यक्रमात लस नाही, तिथे स्वच्छ प्रसूती आणि गरोदरपणातली तपासणी हेच संरक्षण. एवढी कारणे असताना ‘मेनिंजायटिसची लस झाली का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देताच येत नाही. या प्रस्तावनेत एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: या आजाराचे संरक्षण अनेक लसींत वाटलेले आहे, प्रत्येक लसीला तिचे वय आणि तिचे डोस आहेत, आणि म्हणून घरातल्या मोठ्यांनी लसीकरणाचे कार्ड तारखेसकट, ओळ न ओळ वाचायला हवे. आजी ज्याला ‘दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची इंजेक्शने’ म्हणते, त्या तीन शब्दांत या संरक्षणाचा मोठा भाग बसलेला आहे.

एवढा आग्रह का, हे आजाराच्या वेगावरून कळते. जिवाणूंमुळे झालेल्या मेनिंजायटिसमध्ये सकाळी किरकिर करणारे मूल संध्याकाळी शुद्ध हरपून बसू शकते. मोठ्या मुलाला जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या होतात, उजेड सोसवत नाही, मान ताठते. तान्ह्यात मान ताठलेली कळत नाही; ते दूध सोडते, नेहमीपेक्षा निराळ्या, कर्कश आवाजात रडते, उचलले की आणखी रडते, किंवा उलट कापडासारखे लोळागोळा होते. आणि जिथे रोज तेल लावले जाते ती टाळू, बाळ शांत असतानाही, फुगून वर आलेली दिसते. मेनिंगोकोकसच्या आजारात अंगावर जांभळट ठिपके उठू शकतात. काचेचा पेला दाबून पाहिला तर ते विरत नाहीत; आपल्या सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू पाहावी. रुग्णालयात पाठीच्या मणक्यांमधून सुईने पाणी काढतात. निरोगी माणसाचे ते पाणी स्वच्छ झऱ्यासारखे असते; या आजारात ते तांदळाच्या धुवणासारखे गढूळ येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जिवाणूजन्य मेनिंजायटिस झालेल्या सहांपैकी एक रुग्ण दगावतो आणि पाचांपैकी एकाला गंभीर व्यंग मागे राहते. बहिरेपण हे त्यातले नेहमी आढळणारे. अशा बहिरेपणात कानाच्या आतल्या शंखात हाड भरत जाऊ शकते, त्यामुळे श्रवणयंत्र रोपणासाठीही वेळ थोडा मिळतो. ‘आता चांगली अँटिबायोटिक आहेत, मग लस कशाला?’ या आक्षेपाचे उत्तर इथेच आहे. औषध जंतूंना मारते, पण सुजेने झालेले नुकसान भरून देत नाही; आणि औषध सुरू होण्याआधी गेलेला प्रत्येक तास त्या नुकसानात जमा होतो.

पहिली लस जन्मल्याबरोबर मिळते, आणि तिचा मेनिंजायटिसशी असलेला संबंध फार थोड्यांना ठाऊक असतो. डाव्या दंडावर कातडीच्या थरातच टोचलेली बीसीजी डास चावल्यासारखी छोटी गांधी उठवते. काही आठवड्यांनी तिथे पुटकुळी येते, पिकते, आणि खपली पडून व्रण राहतो. घरचे घाबरतात, हळद लावतात; त्या जागेला काहीही लावायचे नसते, ती आपोआप बरी होते. या लसीविषयी एक अभ्यासपूर्ण आक्षेप आहे आणि तो नीट ऐकला पाहिजे. तमिळनाडूच्या चेंगलपट्टू भागात १९६८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत बीसीजी मोठ्या माणसांना फुप्फुसाच्या क्षयापासून वाचवत नाही असे दिसून आले. मग ती अजून का देतात? कारण त्या चाचणीने विचारलेला प्रश्न वेगळा होता. लहान मुलांत क्षयाचा जंतू रक्तातून पसरून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो, तो क्षयाचा सर्वांत घातक प्रकार; आणि त्यापासून बीसीजी चांगले संरक्षण देते, हे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांतून ठरलेले आहे. क्षयाचे रुग्ण वस्तीवस्तीत असलेल्या आपल्या देशात जन्मलेल्या बाळाला हे कवच लागतेच. बीसीजीची एक बाटली दहा बाळांची असते आणि एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून काही ठिकाणी ती ठरलेल्या दिवशीच देतात. ‘उद्या या’ असे ऐकून परतलेले बाळ पुन्हा जाते की नाही, यावर ही ओळ भरली जाते की रिकामी राहते ते ठरते.

दुसरी लस हिबची. तिच्यामागे विज्ञानाची एक सुंदर युक्ती आहे. हिब, न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस हे तिन्ही जंतू स्वतःभोवती साखरेच्या रेणूंचे वेष्टन बाळगतात. मोठ्या माणसाचे शरीर ते वेष्टन ओळखते. दोन वर्षांखालच्या बाळाचे शरीर त्याची नीट दखलच घेत नाही. म्हणजे ज्या वयात आजार सर्वांत जास्त, त्याच वयात निव्वळ वेष्टनापासून केलेली लस निरुपयोगी. अमेरिकेत जॉन रॉबिन्स आणि रेचेल श्नीर्सन, तसेच डेव्हिड स्मिथ आणि पोर्टर अँडरसन यांनी ती साखर एका प्रथिनाला जोडली. प्रथिन बाळाचे शरीर चटकन ओळखते, आणि त्याच्या बोटाला धरून साखरेचीही ओळख पटते, तीही लक्षात राहील अशी. या जोड-लसीला १९८७ मध्ये तिथे परवाना मिळाला आणि १९९० पासून ती तान्ह्यांना मिळू लागली. त्यापूर्वी अमेरिकेत पाच वर्षांखालच्या सुमारे २०,००० मुलांना दरवर्षी हिबचा गंभीर आजार होत असे. पुढे तो ९९ टक्क्यांनी घटला. शिवाय ही लस जंतूला घशात मुक्कामही करू देत नाही, त्यामुळे टोचलेल्या मुलाच्या शेजारचे न टोचलेले मूलही काही अंशी वाचते. या पुस्तिकेतल्या पुढच्या बहुतेक लसी याच युक्तीच्या लेकी आहेत.

भारतात मात्र ही लस सरकारी कार्यक्रमात यायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्यावरच्या वादातला मुख्य आक्षेप आजही घराघरांत ऐकू येतो: हा आजार आपल्याकडे आहेच किती? १९९३ ते १९९७ या काळात देशातल्या सहा रुग्णालयांनी याच प्रश्नाचा मागोवा घेतला. हिमोफिलसचे १२५ संसर्ग जंतू वाढवून सिद्ध झाले, त्यातले ९७ टक्के टाइप बीचे होते, आणि मुलांमधल्या संसर्गांपैकी ७० टक्के मेनिंजायटिसचे होते. चार वर्षांत, सहा रुग्णालयांत अवघे १२५? आक्षेप घेणारे इथेच बोट ठेवत. पण हा जंतू प्रयोगशाळेत वाढवायला नाजूक आहे, आणि आपल्याकडचे मूल मोठ्या रुग्णालयात पोचण्याआधी गल्लीतल्या दवाखान्यात अँटिबायोटिकचे एकदोन डोस घेऊन आलेले असते. जंतू अर्धमेले, मुलाचा मेंदू मात्र सुजलेला. मग कल्चर रिकामे येते आणि आजार कागदावर उमटत नाही. मोजता आले नाही म्हणून नव्हतेच, असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. खरी कसोटी लस दिल्यानंतर काय होते ही आहे. आफ्रिकेतल्या गांबियात १९९७ मध्ये नेहमीच्या कार्यक्रमात लस आली आणि काही वर्षांत तिथल्या तान्ह्यांतला हिब जवळजवळ नाहीसा झाला. गरीब देश, दाटीची घरे, तोकड्या प्रयोगशाळा. परिस्थिती आपल्या ओळखीचीच होती.

भारतात डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूत पेंटाव्हॅलंट सुरू झाली आणि काही वर्षांत टप्प्याटप्प्याने देशभर पोचली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब या पाचांवरची ही एकच सुई दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना डाव्या मांडीत दिली जाते. तिच्याविषयीची भीती हवेतून आलेली नाही. श्रीलंकेने २००८ मध्ये, भूतानने २००९ मध्ये आणि व्हिएतनामने २०१३ मध्ये लसीनंतर काही बाळे दगावल्यामुळे ती थांबवली होती; केरळमधल्या मृत्यूंवरूनही मोठी चर्चा झाली. या घटना दडवून लसीचे समर्थन करणे चुकीचे ठरेल. पण पुढचाही भाग सांगायला हवा: तिन्ही देशांनी चौकशी केली, मृत्यूंचे कारण लस असल्याचे सिद्ध झाले नाही, आणि तिन्ही देशांनी ती पुन्हा सुरू केली. पहिल्या वर्षात बाळांचे मृत्यू इतर अनेक कारणांनी होतात, आणि त्याच वर्षात लसीही दाटीवाटीने असतात. त्यामुळे काही मृत्यू लसीनंतरच्या दिवसांत येणारच. ते लसीमुळे आले की केवळ लसीनंतर, हे चौकशीनेच ठरते. म्हणून प्रत्येक घटनेची चौकशी मागणे हा पालकांचा हक्क आहे. लस टाळणे हा त्या हक्काला पर्याय होत नाही. ‘एवढ्याशा जिवाला एका दिवसात इतक्या सुया?’ हा प्रश्न मायेचा आहे. त्याचे उत्तर असे की बाळाचे शरीर जन्मापासून दर दिवशी असंख्य जंतूंशी ओळख करून घेत असते, त्या मानाने लसीतले घटक थोडे आहेत. आणि पाच लसी एकत्र नसत्या तर सुया वाढल्याच असत्या. एकदोन दिवसांचा ताप, मांडीवर सूज, किरकिर हे अपेक्षित आहे. तीव्र ॲलर्जी फार क्वचित येते, आणि तेवढ्यासाठीच टोचल्यावर अर्धा तास केंद्रात थांबायला सांगतात. ते ‘उगीच बसवून ठेवणे’ समजू नये.

उजव्या मांडीतली सुई न्यूमोकोकसची, म्हणजे पीसीव्ही. ती दीड आणि साडेतीन महिन्यांना आणि मग नवव्या महिन्यात बूस्टर म्हणून दिली जाते. भारतात ती २०१७ मध्ये हिमाचल प्रदेशात आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या काही जिल्ह्यांत सुरू झाली, लगेच पुढच्या टप्प्यात मध्य प्रदेशाचा समावेश झाला, आणि २०२१ मध्ये ती देशभर पोचली. त्याआधी ही लस खासगी दवाखान्यात एका डोसला काही हजार रुपये मोजून घ्यावी लागे. दोन मुलांचे घर त्या आकड्यापाशीच थबकत असे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांवरची न्यूमोसिल तयार केली, २०१९ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली, आणि सरकारी पुरवठ्यासाठी स्वस्त लस हाताशी आली. आज अंगणवाडीत ती फुकट मिळते. न्यूमोकोकसचे शंभरावर प्रकार आहेत आणि लस त्यातल्या मोजक्यांवर आहे, हे खरे. पण लहान मुलांना सर्वांत जास्त गाठणारे प्रकार निवडूनच ती बनवलेली आहे. इथे एक सावधगिरीची गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ‘पूर्ण लसीकरण’ झालेली मुले देशात सुमारे ७६ टक्के आणि मध्य प्रदेशात सुमारे ७७ टक्के आढळली. आपल्या राज्यात शंभरांतली तेवीस मुले मागे राहिली हे तर चिंतेचे आहेच. शिवाय त्या व्याख्येत बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी किंवा पेंटाव्हॅलंट आणि गोवर एवढेच मोजले जाते, पीसीव्ही मोजलीच जात नाही. ‘पूर्ण’ म्हटलेल्या मुलाच्या कार्डावरही न्यूमोकोकसची ओळ कोरी असू शकते.

एक लस एकच दार बंद करते, याचा मोठा पुरावा आफ्रिकेतून येतो आणि त्याची वाट पुण्यातून जाते. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या, धुळीच्या महिन्यांत मेनिंगोकोकसच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५,००० मेले. तिथल्या सरकारांना परवडेल अशा किमतीत लस बनवण्यासाठी २००१ मध्ये पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी एकत्र प्रकल्प उभारला. जोडणीचे तंत्र अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांकडून आले, उत्पादन सिरमने पत्करले, आणि डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत राहिली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मेनआफ्रिव्हॅक टोचायला सुरुवात झाली, आणि ती फक्त बाळांना न देता एक ते एकोणतीस वर्षे वयाच्या सगळ्यांना दिली गेली. कारण हा जंतू निरोगी तरुणांच्या नाकाघशात निमूटपणे राहतो आणि त्यांच्याकडून घरातल्या लहानांपर्यंत जातो. तरुण झाकले की तान्हीही झाकली जातात. ए गटाचा आजार त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला; २०१७ नंतर तिथे त्याचा एकही सिद्ध रुग्ण नोंदला गेलेला नाही. पण सी, डब्ल्यू आणि एक्स गट उरलेच होते, आणि २०१५ मध्ये नायजर देशात सी गटाची मोठी साथ आली. म्हणून सिरम आणि पाथ यांनी पाच गटांवरची मेनफाइव्ह बनवली. २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती जगात प्रथम वापरली. एवढ्या मोठ्या विजयानंतरही तिथल्या आरोग्यसेवकांनी ‘मेनिंजायटिस गेला’ असे म्हटले नाही. ‘ए गट गेला’ एवढेच म्हटले. आपणही असेच मोजूनमापून बोलायला शिकले पाहिजे.

यातून आपल्या तरुणांविषयीचा प्रश्न उभा राहतो. सुदामा नगरातल्या घरांतली मुले बारावीनंतर वसतिगृहांत, भाड्याच्या खोल्यांत राहतात. एका खोलीत तिघे झोपतात, एका बाटलीने पाणी पितात. मेनिंगोकोकसला अशी जवळीक लागते. मग सगळ्यांना त्याची लस द्यावी का? ब्रिटनने १९९९ मध्ये सी गटाची लस मुलांना आणि किशोरांना दिली, २०१५ पासून तिथे किशोरांना चार गटांची देतात आणि तान्ह्यांना बी गटाचीही. अमेरिकेत अकराबारा वर्षांना आणि सोळाव्या वर्षी देत आले आहेत. भारतात दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये, पुढे मेघालय आणि त्रिपुरात साथी आल्या. पण एरवी हा आजार आपल्याकडे विरळा आढळतो, आणि सरकारी कार्यक्रमात ही लस नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही ती सरसकट सगळ्यांना द्या असे म्हणत नाही. जोखीम असलेल्यांना द्या असे म्हणते. ‘दवाखानेवाले महागड्या सुया माथी मारतात’ हा संशय पुष्कळांच्या मनात असतो, आणि त्याला उत्तर म्हणून ही सीमारेषा स्पष्ट आखणे गरजेचे आहे. ही लस कोणाला लागते? शिक्षणासाठी ब्रिटन-अमेरिकेला जाणाऱ्याला. तिथल्या कित्येक संस्था प्रवेशाआधी तिचा दाखला मागतात. हजला जाणाऱ्याला. तिथल्या साथींनंतर सौदी अरेबियाने ती सक्तीची केली आहे आणि पोचण्याच्या निदान दहा दिवस आधी ती घ्यावी लागते. ज्याची प्लीहा काढलेली आहे किंवा निकामी झाली आहे त्याला. आणि साथ आली तर त्या परिसरातल्यांना. यातला प्लीहेचा मुद्दा मध्य प्रदेशात फार महत्त्वाचा आहे. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि वेष्टनधारी जंतूंपुढे तो उघडा पडतो. या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी याच राज्यातल्या शहडोलमध्ये सुरू झाले. घरात सिकलसेलचे निदान झालेले मूल असेल, किंवा थॅलेसेमियात प्लीहा काढावी लागणार असेल, तर न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस या दोन्ही लसींचे डॉक्टरांना आपणहून विचारावे. इतर निरोगी तरुणाने मेनिंगोकोकसची लस घेतली नाही म्हणून धास्ती बाळगण्याचे कारण नाही; त्याच्यासाठी लक्षणे ओळखणे आणि रात्रीच्या रात्री रुग्णालय गाठणे हेच महत्त्वाचे.

राहिला सर्वांत जुना आक्षेप: आमच्या वेळी कुठे होत्या या लसी, आम्ही जगलोच ना? जे जगले तेच हा प्रश्न विचारू शकतात. ‘मेंदूत ताप गेला’ एवढे म्हणून ज्यांच्याविषयी बोलणे थांबले, ती मुले आज घरातल्या माणसांच्या मोजणीत नसतात. दुसरा समज खास इंदूरचा आहे. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिल्या आलेल्या शहराला असे वाटणे साहजिक आहे की घर, अंगण, रस्ता लख्ख असला की रोगराई फिरकत नाही. जुलाबांबाबत ते बरेचसे खरे आहे. पण मेनिंजायटिसचे हे जंतू कचऱ्यात राहत नाहीत, ते निरोगी माणसाच्या नाकाघशात राहतात. स्वच्छ दिवाणखान्यात प्रेमाने घेतलेल्या पाप्यातूनही ते पोचतात. शंभरेक वर्षांपूर्वी तुकोजीराव होळकरांच्या काळात पॅट्रिक गेडिस हा नगररचनाकार इंदुरात आला होता. त्याचा अहवाल १९१८ चा आहे. प्लेगचे उंदीर घाणीत पोसतात हे लोकांना नुसते सांगून पटेना, तेव्हा त्याने दिवाळीत मिरवणूक काढली. तीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि ज्या रस्त्यांवरची घरे झाडून-सारवून तयार असतील त्या रस्त्यांनी ती जाणार असे आधी जाहीर केले होते. डोळ्यांना न दिसणारा धोका त्याने रस्त्यावर आणून दाखवला. लसीचे काम तर त्याहून अदृश्य असते. ती यशस्वी होते तेव्हा काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची मिरवणूक निघत नाही. घरात ती दिसते ती फक्त कार्डावर, तारीख आणि सहीच्या रूपात.

म्हणूनच या पुस्तिकेचा सगळा भर माता-बाल संरक्षण कार्डावर आहे. आपल्या घरांत पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. सून जळगावची, धुळ्याची, नागपूरची असेल तर बीसीजी महाराष्ट्रात होते, सव्वा महिना तिथेच होतो, दीड महिन्याचा डोसही कधी तिथे तर कधी परतल्यावर इंदुरात. कार्ड एका पिशवीत, बाळ दुसऱ्या गावात. अडीच महिन्यांना थोडा खोकला होता म्हणून पुढे ढकललेली तारीख साडेतीन महिन्यांची होते, आणि मग कोणता डोस झाला, कोणता राहिला, हे कोणालाच आठवत नाही. सुटलेला डोस म्हणजे सुरुवातीपासून पुन्हा घ्यायचा असे मुळीच नाही. जिथे थांबला तिथून पुढे चालू करता येतो. साधी सर्दी किंवा हलका खोकला हे लस टाळण्याचे कारण नाही. यू-विन या सरकारी नोंदणीमुळे एका राज्यातला डोस दुसऱ्या राज्यात दिसू शकतो, पण त्यासाठी नोंदणी दोन्ही ठिकाणी एकाच मोबाइल क्रमांकावर करायला हवी. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला देताना उजव्या मांडीत पीसीव्हीचा बूस्टर झाला का, हे विचारून घ्यावे. तीच सुई सहज नजरेआड होते. गालगुंडाची लस सरकारी कार्यक्रमात नाही, ती हवी असल्यास डॉक्टरांशी बोलावे.

पुढच्या पानांत प्रत्येक लसीचे वेळापत्रक, तिचे परिणाम आणि दुष्परिणाम, राहिलेले डोस भरून काढण्याची रीत आणि परदेशी जाणाऱ्या मुलामुलींसाठीची तयारी सविस्तर दिली आहे. ती वाचण्याआधी एक करावे. आपल्या घरातल्या सर्वांत लहान मुलाचे कार्ड कपाटातून काढून शेजारी उघडे ठेवावे. बीसीजीची ओळ, पेंटाव्हॅलंटच्या तीन ओळी, पीसीव्हीच्या तीन ओळी, एवढ्या सातांवर बोट फिरवावे. जिथे तारीख नाही तिथे पेन्सिलीने खूण करावी, आणि येत्या लसीकरणाच्या दिवशी बाळ आणि कार्ड दोन्ही बरोबर घेऊन जावे. टाळू भरताना बोट ज्या काळजीने टेकते, त्याच काळजीने ते या सात ओळींवरही फिरू दे.